मी प्रशासकीय

परवा आमच्या ट्रस्टमध्ये नव्या शास्त्रज्ञांचं आणि धोरणवाल्या मंडळींचं स्वागत झालं. गुलाब, अध्यक्षांचं भाषण, सगळं रीतसर. मी पॅटिसला हात घातला आणि अकाउंट्सच्या काकांनी डिश उचलली.

"थांबा. तुम्ही प्रशासकीय."

"म्हणजे?"

काका खुलले. एरवी त्यांना प्रश्न विचारायला फक्त ऑडिटर येतो. "परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा. २०२० साली परदेशी देणगीच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून २०. आता या ताई डेटा तपासणार. संशोधनातला असा पगार त्यात धरत नाहीत. म्हणजे यांचं पॅटिस कार्यक्रम-खर्चात. घ्या ताई, दोन घ्या."

"आणि हे धोरणवाले?"

काकांनी त्या जाकीटवाल्या मुलाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही नक्की काय करणार?"

"सर, संशोधन आणि पॉलिसी यांच्यामधली दरी..."

"फील्डवर जाणार का?"

"कधीकधी."

"मग अर्धं."

आणि खरंच मोडून अर्धं दिलं हो! मुलानं ते मुकाट्यानं खाल्लं. धोरणात पुढे जाईल.

याच पुण्यात १९५२ साली अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन आणि आयसीएमआर, म्हणजे आपली वैद्यकीय संशोधन परिषद, यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र काढलं, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही. तिथेही नव्या शास्त्रज्ञांना कुणीतरी चहा पाजला असेलच. तो कुठल्या खात्यात टाकला असेल, हे काकांना विचारायची माझी छाती झाली नाही. सांगत बसले असते.

गंमत जाऊ द्या, राग आलाय मला. देणगीदाराला रुपया पोचायला हवा असतो, पोचवणारा माणूस तेवढा नको असतो. शास्त्रज्ञांचं 'सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय' त्याच्या गळी उतरेल अशा भाषेत कोण लिहितं? मी. फोटोखालच्या ओळी? मीच. रुजू झालो तेव्हा फूल सोडाच, जी खुर्ची मिळाली ती डावीकडे कलते. अजून कलते. इमारतीला नाव द्यायला दाते रांग लावतात. प्रिंटरच्या शाईवर कुणाच्या आजोबांचं नाव घालता येत नाही, म्हणून शाई कायम संपलेली.

संध्याकाळी काका टेबलाशी आले. "स्वागत समारंभ ऑडिटला चालायचा नाही. 'क्षमताबांधणी कार्यशाळा' म्हणून दोन पानी अहवाल करा. सहभागी म्हणून शास्त्रज्ञ आणि धोरणवाले, सगळ्यांची नावं घाला."

"माझं?"

"तुमचं घातलं तर खर्च प्रशासकीय होतो हो! आणि उद्या अकराच्या आत द्या."