बायकांना मताधिकार आयता मिळाला, हे साफ खोटं आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज परत फिरायला लागलाय, मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आला. इंग्लंड-अमेरिकेतल्या बायका मतासाठी भांडल्या, जेलमध्ये गेल्या, आपल्याकडे मात्र संविधान आलं आणि मताधिकार आयता पदरात पडला, असं त्यात आहे. वर असंही की तशाही निम्म्या बायका मतदानाला येत नाहीत आणि येतात त्या नवरा सांगेल तिथेच बटण दाबतात, म्हणजे मतदार डबल झाले पण निकाल तोच. शिकलेली माणसं हे पुढे ढकलतायत याचा जास्त त्रास होतो, म्हणून लिहितेय.

आयता कसा? डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंसोबत बायकांचं शिष्टमंडळ मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं, ते मताधिकार मागायलाच. पुढे मत कोणाला द्यायचं हे ठरवायला ब्रिटिशांनी नेमलेल्या साउथबरो कमिटीने नकार दिला, कारण काय तर इथला समाज अजून तयार नाही. मग १९१९ ला मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन थेट लंडनला गेल्या, पार्लमेंटच्या कमिटीपुढे बाजू मांडली, तरी ठरलं एवढंच की प्रांतांनी आपापलं बघावं. म्हणजे लढाई परत प्रत्येक प्रांतात नव्याने! मुंबई प्रांतात त्यासाठी रमाबाई रानडे पुढे झाल्या, तेव्हा त्या साठीला आलेल्या होत्या. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबईने दार उघडलं पण तेही मालमत्ता वगैरे असलेल्यांनाच, आणि ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यानंतरसुद्धा सगळ्या देशात मत होतं जेमतेम ६० लाख बायकांना. त्यातल्या कितीतरी जणींना ते नवऱ्याच्या मालमत्तेवर मिळालं, अमक्याची बायको म्हणून.

हे 'अमक्याची बायको' प्रकरण पहिल्या निवडणुकीत पण आडवं आलं. १९५१-५२ च्या याद्या करताना अनेक जणी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायला तयार नव्हत्या, मग यादीत अमक्याची आई, तमक्याची बायको असंच लिहिलं गेलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हे चालवून घेतलं नाही, नाव नाही तर मत नाही, आणि साधारण २८ लाख नोंदी यादीतून गेल्या. मला हे वाचून वाईटही वाटतं आणि सेन बरोबर होते असंही वाटतं, कारण सरकारी कागदावर स्वतःच्या नावाने येणं हे कितीतरी बायकांच्या आयुष्यात तेव्हा पहिल्यांदाच घडत होतं.

येत नाहीत म्हणे. १९६२ ला पुरुषांचं मतदान ६३ टक्के आणि बायकांचं ४७ च्या आत होतं, ते खरंय. पण २०१९ ला बायका किंचित पुढे गेल्या, २०२४ ला पण ६५.७८ विरुद्ध ६५.५५. विषय संपला.

राहिलं नवऱ्याचं. घरच्यांचं ऐकून मत देणाऱ्या बायका आहेत, नाही कशाला म्हणू, भावकीचं ऐकून देणारे पुरुषही आहेत. पण आपल्या महाराष्ट्रातलंच बघा ना, गावातलं दारूचं दुकान बंद करायला फक्त बायकांचं मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. आणि यात झालेल्या मतदानातलं बहुमत पुरत नाही, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींचा शिक्का आडवीवर लागतो, म्हणजे जी घरी बसली ती आपोआप दुकानाच्या बाजूने धरली जाते. ज्या घरात नवराच पितो तिथल्या बाईला कोण सांगणार आडवीवर मार म्हणून? तरी कितीतरी गावांत बाटली आडवी झालीय, आणि ती करायला बायका घरोघरी फिरून, शेतावर गेलेल्या जणींनाही बोलावून आणून मतदान करून घेतात.