समुद्रकाठच्या वाटेला पाठिंबा द्यायचाय? आधी गाडी काढा

मुंबईत समुद्राच्या कडेने चालायला आणि सायकल चालवायला सलग, मोकळी वाट हवी, याला विरोध करणारा माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. सत्ताधारी बाजूने आहेत, विरोधक बाजूने आहेत, बिल्डर तर माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर बाजूने आहेत. तेव्हा पाठिंबा तुम्हीही द्याच, फक्त जपून द्या. भलत्या पद्धतीने दिला तर वाट खरोखरच होऊन बसते, आणि मग तिच्यासाठी कोणाला तरी जागा सोडावी लागते.

पहिलं पथ्य म्हणजे पाठिंबा कल्पनेला द्यावा, ठिकाणाला कधीही देऊ नये. ‘मुंबईला असा मार्ग हवाच’ हे वाक्य कुठेही बिनधास्त बोलावं. ‘आमच्या गेटसमोरून जाऊ दे’ हे मात्र तोंडातून निसटू देऊ नये. कोपनहेगनच्या सायकलींचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा, खाली ‘आपल्याकडे कधी?’ असं लिहावं आणि फोन उपडा ठेवावा. न जाणो, एखादा रिकामटेकडा खरंच उत्तर द्यायचा.

पाठिंब्याचा सगळा क्रम कसा असावा, हे शिकायला कोस्टल रोडसारखी शाळा नाही. मरीन ड्राइव्हच्या प्रिन्सेस स्ट्रीट पुलापासून वरळीच्या सी-लिंकपर्यंत १०.५८ किलोमीटर. काम २०१८ मध्ये सुरू झालं, समुद्रात सुमारे १११ हेक्टर भराव पडला. भरावाबद्दल कुरकुर झाली तेव्हा सांगण्यात आलं की बाबांनो, नुसता रस्ता नाही, यातली ७० हेक्टर जागा तुमच्यासाठीच मोकळी आणि हिरवी राहणार आहे, फिरायला लांबलचक पदपथ असणार आहे. म्हणजे रस्त्याची बाजू मांडताना सर्वात पुढे कोण होतं, तर पायी चालणारा. उद्घाटनाच्या वेळी तो मागे गेला. रस्त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये मोटारींना खुला झाला. समुद्राकडेच्या पदपथाला १५ ऑगस्ट २०२५ चा मुहूर्त लाभला. याला उशीर म्हणू नये. मधल्या सतरा महिन्यांत गाडीवाल्यांनी जिवावर उदार होऊन भराव खचतो का ते तपासून दिलं, असं म्हणावं. मुख्य रस्त्यावर सायकलला बंदी आहे, दुचाकीला आहे, रिक्षालाही आहे. सार्वजनिक पैशातून झालेल्या रस्त्यावर जनतेची इतकी काळजी क्वचितच घेतली गेली असेल.

आता पदपथ झालाच आहे, तर रविवारी संध्याकाळी जाऊन पाठिंबा दाखवायला हवा. जायचं अर्थात गाडीने. समुद्रापर्यंत चालत जायचं म्हणजे फुटपाथ लागणार, आणि फुटपाथवर आधीच जनरेटर, कुंड्या, केबलची भेंडोळी आणि नारळवाला असे जुने रहिवासी आहेत. शिवाय सिग्नल. तो पादचाऱ्यासाठी हिरवा होतो, आपण पाऊल टाकतो, तेवढ्यात डावीकडून वळणारा बाइकवाला आपल्याकडे असा बघतो की जणू आपणच नो-एन्ट्रीतून आलोय. त्यापेक्षा वरळीला दुहेरी रांगेत गाडी लावावी, ड्रायव्हरला एसी चालू ठेवायला सांगावा आणि मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावलं भरेपर्यंत समुद्राकडे तोंड करून चालावं. परतताना ‘काय हे ट्रॅफिक!’ म्हणायला विसरू नये. तेही जनमत आहे.

सायकलचं जरा नाजूक आहे. पाठिंबा द्यायचा तो हेल्मेटवाल्या, घट्ट कपड्यांतल्या, पहाटे पाचला नरिमन पॉइंट गाठणाऱ्या सायकलला. कॅरियरवर इडलीचं पातेलं बांधून, रबरी भोंगा पोंक पोंक वाजवत उलट्या बाजूने येणारा जो असतो, त्याची गणना सायकलस्वारांत करू नये; तो अडथळा. पाववाला, दूधवाला, डबेवाला हेही त्यातच. वर्षानुवर्षं हे लोक ट्रॅकशिवाय चालवतायत, म्हणजे त्यांना ट्रॅकची गरज नाही हे उघड आहे. आणि आपल्याला आहे, पण आपण चालवत नाही. हा तिढा सोडवायला वांद्रे-कुर्ला संकुल कामाला येतं. तिथे २०११ साली सायकल ट्रॅक झाला होता. त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. गाड्या उभ्या असल्याने सायकली आल्या नाहीत, आणि सायकली येत नाहीत म्हणून ट्रॅक निरुपयोगी ठरला. मग ती जागा पुन्हा मोटारींच्या रस्त्याला जोडायचं ठरलं. ‘आपल्याकडे लोक वापरतच नाहीत हो’ हे वाक्य त्यामुळे कायम खिशात ठेवावं. ते पुराव्यानिशी सिद्ध झालेलं आहे.

काही मंडळींनी या बाबतीत फारच वाईट पायंडे पाडलेत. त्यांच्या नादी लागू नका. वरळीचे कोळी बघा. क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर काढायला कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमधलं ६० मीटरचं अंतर पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. बरं, म्हणणं असावं. निवेदन द्यावं, पोच घ्यावी, घरी जावं. तर यांनी होड्या घेऊन समुद्रातलं काम अडवलं आणि ते अंतर १२० मीटर करून घेतलं! वांद्र्याचे रहिवासीही त्याच वळणाचे. कार्टर रोड आणि बॅन्डस्टॅन्डला आज जिथे लोक निवांत बसतात, तिथला किनारा लोकांसाठी राखायला हे लोक वर्षानुवर्षं बैठका घेत बसले, आराखड्यात बोट घालत बसले. पाठिंब्यासाठी इतका वेळ काढायचा म्हणजे माणसाने ऑफिसला कधी जायचं?

तरीही सावध राहा. कधीतरी पालिका तुमच्याच रस्त्यावरून किनाऱ्याकडे जाणारी सायकलची पट्टी आखायचं मनावर घेईल. हरकती आणि सूचनांसाठी वर्तमानपत्रात आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, मुंगीच्या अक्षरांत जाहिरात येईल. एरवी ती कोणी वाचत नाही. पण ‘पार्किंग’ हा शब्द त्यात असेल तर सोसायटीतल्या मोतीबिंदूवाल्या काकांनाही तो चष्म्याशिवाय दिसतो. त्या रात्री ग्रुपवर कोपनहेगन नको. सरळ सेक्रेटरींना सांगून लेटरहेड काढावं:

‘मा. सहायक आयुक्त यांस, सप्रेम नमस्कार. आमच्या सोसायटीचा पर्यावरणपूरक चालण्याच्या व सायकलच्या मार्गाला पूर्वीपासूनच ठाम पाठिंबा आहे. तथापि, प्रस्तावित पट्टीमुळे ज्येष्ठ नागरिक, रुग्णवाहिका, शालेय बस व येथे पूर्वापार उभ्या असणाऱ्या वाहनांची गैरसोय होणार आहे. सबब, सदर मार्ग अन्यत्र, शक्यतो पुढच्या रस्त्यावरून, वळवण्यात यावा ही नम्र विनंती. आपल्या स्तुत्य उपक्रमास शुभेच्छा.’

पुढच्या रस्त्यावरची सोसायटीही हेच पत्र लिहील, पण तो तुमचा प्रश्न नाही. ज्येष्ठ नागरिकांना आधी विचारू नका. त्यांच्यातले दोघे-तिघे रोज सकाळी काठी टेकत समुद्रावर जातात आणि नको ते बोलतील.

सह्या गोळा करायला वॉचमनला मजल्यामजल्यावर पाठवा. तो धारावीहून रोज सायकलने येतो. त्याची सही घेण्याचं कारण नाही, तो रहिवासी नाही.