सरडीचं बाळंतपण, घोडबंदर पद्धतीने

सर्वप्रथम अभिनंदन. तुमच्या घरी गोड बातमी आहे हे आम्हाला सोसायटीच्या ग्रुपवरच कळलं. ‘पिस्ता इज एक्सपेक्टिंग’ असा मजकूर, सोबत फुगलेल्या पोटाच्या शॅमेलिऑनचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचा, फोटो आणि त्याखाली लोकांनी जोडलेले हात. त्यातले निम्मे श्रद्धांजलीचे असावेत, कारण ग्रुपवर फोटो उघडून बघायची पद्धत नाही.

आता पहिलं काम तपासाचं. पिस्ताने जन्मात नर पाहिलेला नाही, दुकानातून ती थेट तुमच्या पंधराव्या मजल्यावर आली, मग हे झालं कसं, असं आजी विचारणारच. दुकानदाराला फोन लावा, चांगलं फैलावर घ्या. व्हेल्ड शॅमेलिऑनची (ही पिस्ताची जात) मादी चार-सहा महिन्यांची झाली की नराशिवायही अंडी घालू शकते, कोंबडी घालते तशीच, असं तो सांगायला लागला तर ऐकू नका. त्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत, पण अंडी पोटातून बाहेर यावीच लागतात, नाहीतर ती जिवाला मुकते, हेही तो सांगेल. सांगू दे. आधी चारित्र्याचा प्रश्न निकालात निघाला पाहिजे.

कागदपत्रांना मात्र या गडबडीत हात लावू नका. हा प्राणी मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाचा, त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्बंध आहेत, आणि २०२४ पासून असे परदेशी प्राणी घरात असतील तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. पण ओटीपी येत नाही म्हणून आपण किती गोष्टी सोडून दिल्या, त्यात ही एक. अर्थात पिस्ता येमेनची नसून ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातून उचलून आणलेला आपला घोयरा सरडा असेल, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. मग बाळंतपण राहू द्या, जामिनाचं बघा.

यानंतर डोहाळे. दोन जिवांची म्हटल्यावर आपल्याकडे ताट भरलेलंच हवं. व्हेल्ड मादीला तर पन्नास-साठ जिवांचं व्हावं लागतं, त्यामुळे त्याच हिशेबाने वाढा. सकाळी क्रिकेट (खेळ नव्हे, रातकिडे), दुपारी झुरळं (दुकानातली, आपल्या सिंकखालची फुकट असली तरी पेस्ट कंट्रोल खाऊन आलेली असतात), संध्याकाळी जाडजूड सुपरवर्म अळ्या. मादी जितकं जास्त खाते आणि जितकी जास्त उबेत बसते, तितकी अंडी जास्त होतात. अनुभवी लोक मोठ्या मादीला एक दिवसाआड बेताचं खायला देतात, उन्हाच्या दिव्याखालचं तापमान थोडं उतरवतात, आणि अंडी वीस-पंचवीसच्या आसपास ठेवतात. तिच्या शरीरावरचा ताण कमी होतो म्हणे. ही मंडळी हाताने कद्रू असावीत. आपल्याकडे सुनेला कुणी मोजून वाढतं का? (वाढतात, पण ते ग्रुपवर टाकत नाहीत.)

कॅल्शियमचा खर्च वाचवता येईल. अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतं. खाण्यातून मिळालं नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढून देते, म्हणजे सोय आहेच. किड्यांवर कॅल्शियमची पावडर भुरभुरवायची, शिवाय ते अंगी लागावं म्हणून यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांची) वेगळी ट्यूब लावायची, आणि ती दिसायला पेटत असली तरी सहा महिने-वर्षाने बदलायची, असले लाड तज्ज्ञ सांगतात. त्यांना म्हणावं, आमच्या हॉलमध्ये ऊन येतं. समोरचा टॉवर उभा राहायच्या आधी तर भरपूर यायचं. खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही हा भौतिकशास्त्राचा दोष झाला, आपला नव्हे. हाडं मऊ पडली, स्नायूंत अंडी ढकलायचा जोर राहिला नाही, तर ‘तिची मुळातच नाजूक प्रकृती’ असं म्हणायला आपण मोकळे.

आता मुख्य मुद्दा खोदकामाचा. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला खोदकाम समजावून सांगायची गरज नाही. मेट्रोसाठी खणलं, ते बुजायच्या आत पाण्याच्या लाइनीसाठी खणलं, मग गॅसवाल्यांनी, मग केबलवाल्यांनी. कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत ज्याला पाहिजे त्याने पाहिजे तिथे खणावं. या सगळ्या पट्ट्यात खणायची परवानगी नसलेला एकच जीव आहे, तो तुमच्या हॉलमधल्या जाळीच्या पिंजऱ्यात बसलाय. त्याच्या तळाशी तुम्ही प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरलंय. तेच असू द्या, फोटोत खुलतं.

तिला खरोखर काय हवं असतं तेही ऐकून घ्या, म्हणजे नेमकं काय द्यायचं नाही हे कळेल. एक मोठा डबा, तिला आत मावून वळता येईल एवढा. त्यात किमान फूटभर खोल धुतलेली बारीक रेती, किंवा रेती आणि बिनखताची माती निम्मी-निम्मी. ओल अशी, की मूठ दाबली तर गोळा टिकावा पण पाणी ठिबकू नये. बोटाने भोक पाडलं तर ते ढासळता कामा नये, कारण ती आत बोगदा खणते आणि बोगदा अंगावर कोसळायला लागला की काम सोडून देते. शिवाय हा डबा पोट टम्म झाल्यावर नाही, ती वयात आल्यापासूनच पिंजऱ्यात असावा लागतो.

एवढी रेती आणायची तर वॉचमन गेटवर अडवणार. दोन गोणी रेती म्हणजे काम काढलंय. काम काढलं म्हणजे एनओसी आली, एनओसीसोबत डिपॉझिट आलं, दुपारी दोन ते चार आवाज बंद आला, आणि डेब्रिज स्वखर्चाने उचलण्याचं हमीपत्र. अर्जात ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात ‘बीळ’ असं लिहा. सेक्रेटरी काका सज्जन आहेत, ते अर्ज नाकारणार नाहीत. जनरल बॉडीपुढे ठेवतील.

आणि समजा रेती आलीच, तर निदान पिस्तावर नजर तरी ठेवा. एकटीला सोडायची आपल्यात पद्धत आहे का? व्हिडिओ कॉलवर डोंबिवलीची मावशी, कळव्याची आत्या, ट्रायपॉडवर फोन, शेजारी रिंग लाइट. शॅमेलिऑनचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात, त्यामुळे ती एका डोळ्याने बोगदा बघते आणि दुसऱ्याने तुम्हाला. हा दुसरा डोळा तुमच्यावर ठरला की ती हातचं काम टाकून वर येते, आणि तो बोगदा बहुतेक वेळा कायमचा सोडते. शत्रूने जागा पाहिली, असा तिचा हिशेब. म्हणून जाणती माणसं पिंजऱ्याला तीन-चार बाजूंनी चादर लावतात, पाणी द्यायलासुद्धा चोरपावलांनी जातात, आणि ती रात्री बोगद्यातच झोपली तर दिवा न लावता तिला तशीच राहू देतात. एक-दोन दिवस खणते कधीकधी. आता दोन दिवस हॉलमध्ये चादर टाकून, टीव्ही बंद करून बसायचं? आयपीएल चालू असताना?

खरंतर बघण्यासारखं असतं, हे मान्य करायला हवं. तिचे पंजे फांदी पकडायला घडलेले, बोटं दोन एकीकडे आणि तीन दुसरीकडे अशी जोडलेली. चालताना जमिनीवर नीट टेकतसुद्धा नाहीत. त्याच पंजांनी ती डोकं खाली घालून रेती ओढते आणि मागच्या पायांनी बाहेर लोटते. शेपटीचं टोक तेवढं वर दिसत राहतं. अंग गडद हिरवं-काळं, त्यावर पिवळे आणि निळसर ठिपके. तळाशी पोचली की आतल्या आत वळते, तोंड दाराकडे करून अंडी घालते, आणि मग सगळी रेती परत आत ओढून पायांनी दाबून दाबून जागा सपाट करते. इथे काही झालं होतं याचा मागमूस उरत नाही. ठाण्यात इतका नीट बुजवलेला खड्डा आम्ही तरी पाहिलेला नाही. वर येते तेव्हा डोक्यावरच्या तुऱ्याला ओली रेती चिकटलेली असते, बरगड्या दिसत असतात, आणि पानांवर पाणी शिंपडलं तर ती बराच वेळ पीत राहते.

पण वर दिलेले सल्ले तुम्ही नीट पाळलेत तर ही वेळ येणार नाही. ती अडेल.

अडलेली मादी ओळखायला सोपी असते. इथे थोडं खणते, तिथे थोडं खणते, सोडून देते. खाणं थांबतं. मग पिंजऱ्याच्या तळाशी पडून राहते, फांदी धरवत नाही, डोळे खोल जातात, आणि भर दिवसा मिटलेले दिसतात. दिवसा डोळे मिटलेला शॅमेलिऑन झोपलेला नसतो, आजारी असतो. अशा वेळी घाई करू नका. आधी ग्रुपवर विचारा. कोमट पाण्यात बसवा, एरंडेल चाटवा, ओवा शेका, काकूंच्या जाऊबाईंनी सांगितलेलं सगळं करून बघा. सगळं संपलं की डॉक्टर शोधा. ठाण्यात जनावरांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, बहुतेकांकडे कुत्र्यांची रांग असते. काउंटरवर विचारतील, ब्रीड कोणती? रेबीजचं झालंय? सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर आधीच हेरून नंबर लिहून ठेवायचा असतो, पण तसं केलं तर रविवारी संध्याकाळी माजिवड्याच्या सिग्नलला बुटाच्या खोक्यात सरडी घेऊन अडकण्यातली गंमत कशी कळणार? तो डॉक्टर एक्स-रे काढतो, कॅल्शियम आणि सलाइन देतो, जमलं तर औषधाने अंडी बाहेर काढायचा प्रयत्न करतो, नाहीतर ऑपरेशन. वेळेवर गेलात तर यातून माद्या वाचतात, म्हणून उशिरा जाणं महत्त्वाचं.

इतकं करूनही अंडी सुखरूप झाली, तर पेढे वाटा. नराशी गाठ पडली नसेल तर अंडी काही दिवसांत पिवळी पडून सुरकुततील, बुरशी धरतील. ती टाकून द्यायची सोडून शोकेसमध्ये मांडा. गाठ पडली असेल तर व्हर्मिक्युलाइटच्या (ओल धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या) डब्यात साधारण २६ ते २८ अंशांना सहा ते नऊ महिने ठेवावी लागतात आणि हलवायची नसतात. कोंबडीची अंडी फिरवतात म्हणून ही फिरवलीत, तर आतला जीव मरू शकतो. पिल्लं निघाली तर प्रत्येकाला पुढे वेगळा पिंजरा लागतो, आणि पैदास करायला परवाना. त्यावर ‘येऊरला सोडून देऊ’ हा उपाय कुणीतरी सुचवेलच. फ्लॉरिडात आणि हवाईच्या माउई बेटावर हेच व्हेल्ड शॅमेलिऑन पाळीवातून निसटून रानात स्थिरावलेत, तेव्हा अनुभव आपल्या पाठीशी आहे.

एक मात्र करा, रेतीचा डबा भंगारवाल्याला देऊ नका. ती तीन-चार महिन्यांत पुन्हा खणायला उतरेल. नर असो वा नसो, तिचं चक्र थांबत नाही. आणि जनरल बॉडीत तुमच्या बिळाचा विषय तोपर्यंत अजेंड्यावर आलेला असेल.