ड्यूकचा कालवा, पंतांचा माळ

सांगलीच्या मावसभावाने परवा घरच्या ग्रुपवर टाकलं, "इंग्रज उमराव बघा, कालवे खणले, खाणी काढल्या. आपल्या संस्थानिकांनी हत्ती पाळले." खाली अंगठ्यांची रांग. मी तेव्हा इंग्लंडात, मँचेस्टरजवळच्या वर्स्लीत कुत्रा फिरवत होतो, दादा ज्याचे गोडवे गात होता त्याच उमरावाच्या कालव्याकाठी. पाणी नेहमीसारखं नारिंगी होतं. बंद पडलेल्या खाणीतलं लोखंड अजून झिरपतं.

ब्रिजवॉटरच्या ड्यूकचं कर्तृत्व मी नाकारत नाही. खाणीत साचणारं पाणी त्याने कालव्यात सोडलं, डोंगराच्या पोटातच कोळसा होडीत भरला. 1761 मध्ये कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. त्यापायी तो गळ्याएवढा कर्जात बुडाला होता. पण कोळसा त्याच्याच जमिनीखाली होता, आणि कालव्याला मंजुरी देणाऱ्या संसदेत तो स्वतः बसत होता! खाणीत राबणारी पोरं मात्र फॉरवर्डमध्ये येत नाहीत.

औंध संस्थानच्या राजांकडे, पंतप्रतिनिधींकडे, यातलं काय होतं? बेळगावात नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांवर नगरपालिकेमुळे जागा सोडायची वेळ आली, तेव्हा पंतांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. दादाच्या घरापासून तासाभरावर आहे, पण त्याला वर्स्ली दिसते. शाहू महाराजांनी 1906 मध्ये कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला. हत्ती त्यांच्याकडेही होते. (नुसती ऐश केलेले संस्थानिक मोजायला बसलो तर माझाही हिशोब बिघडेल, म्हणून ते मोजत नाही.)

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, आणि तुम्हा लोकांना आपलं काही दिसतच नाही, असंही लिहून टाकलं. 'तुम्हा लोकांना' हे पाठवल्यावर खटकलं.

दादाचं उत्तर आलं, "एवढं प्रेम आहे तर ये की परत. पलूसजवळचा आपला तुकडा होताच."

होता. माझ्या वाट्याच्या विक्रीसाठी दोन वर्षांपूर्वी मीच इथून कुलमुखत्यारपत्र पाठवलं होतं. उत्तर टाइप केलं, खोडलं. तेवढ्यात कुत्रा पाण्यात उतरला होता. घरी येऊन त्याचे पाय धुतले, त्या पैशातून बांधलेल्या स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये.