कसर

परवा एक गृहस्थ माझ्यासमोर बसून, माझ्याच कात्रीच्या टोकानं, एका स्वेटरमधलं भोक शोधत होते. ते सापडत नव्हतं. आणि भोक सापडत नाही म्हणून माझे पैसे अडले होते.

गोष्ट खरं तर एवढीच आहे. पण दोन रात्री झाल्या, डोळा लागता लागता मला त्यांना द्यायची उत्तरं सुचतायत. त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

मी विणकाम आणि क्रोशा शिकवते, नमुने बसवते आणि लोकांचे फाटके स्वेटर दुरुस्त करते. पहिल्या दोन कामांची लोकांना निदान कल्पना असते. तिसरं ऐकून ते आधी हसतात आणि मग कपाट उघडतात. तर तीन आठवड्यांपूर्वी एक बाई राखाडी कार्डिगन घेऊन आल्या. सासूबाईंच्या हातचा. गळ्याखाली जाळीची नक्षी, बाकी साधं सुलट. उजव्या बाजूला छातीवर कसर लागून भोक पडलेलं. सोबत त्यांचे दीर होते, त्यांना त्या भाऊजी म्हणत होत्या, म्हणून मीही मनात भाऊजीच म्हणते. भाऊजींनी त्या भोकात करंगळी घालून ती वाकवून दाखवली होती, बाहुलीनं मान डोलवावी तशी. ही करंगळी लक्षात ठेवा.

कसरीबद्दल लोकांचा गैरसमज फार. कपाटातून फडफडत बाहेर येणाऱ्या त्या भुरक्या पतंगाच्या मागे सगळे चप्पल घेऊन धावतात. तो बिचारा काहीच खात नाही. खाते ती त्याची अळी, तीही अंधारात, गुपचूप, घडीच्या आतल्या बाजूला. लोकरीत केराटिन असतं, आपल्या केसांत नि नखांत असतं तेच, आणि या अळीला ते पचतं. घामाचा, सांडलवंडीचा डाग असेल तर तिथे ती आधी बसते. म्हणजे 'एकदाच घातलाय, धुवायला कशाला' म्हणत आपण जो ठेवून देतो, ते तिला आमंत्रणच.

दुरुस्तीला मला साडेतीन तास लागले. भोकाच्या कडेचे कुरतडलेले धागे काढून कड सरळ केली, तेव्हा भोक होतं त्याहून मोठं झालं. (हे गिऱ्हाईकासमोर कधीही करू नये.) सुटलेली घरं, म्हणजे टाक्यांचे मोकळे फास, एकेक करून पकडून ठेवली. शिवणाच्या दोऱ्याचे आडवे ताणे घातले आणि त्यांच्या आधारानं बोथट सुईनं मूळच्या लोकरीच्या वाटेवरून एकेक टाका उभा केला. सात टाके, सहा ओळी. बेचाळीस टाके. लोकर काढली ती त्याच कार्डिगनच्या काखेतल्या आतल्या शिवणीतून, कारण बाजारात राखाडी भरपूर मिळते, पण तीस वर्षं धुतलेली राखाडी कुठेही मिळत नाही. शेवटी ओल्या फडक्यावरून वाफ दिली. टाके आपापल्या जागी बसले आणि मी एकटीच असूनही मोठ्यानं 'वा!' म्हणाले.

ते 'वा' मला भोवलं.

"झालं का?" भाऊजींनी कार्डिगन टेबलावर पसरला. वहिनी खुर्चीवर टेकल्या. पलीकडे माझ्या दोन विद्यार्थिनी बसल्या होत्या, त्यांच्या सुया थांबल्या.

"झालं की."

"कुठे?"

मी बोट ठेवलं. भाऊजींनी चष्मा वर केला, खाली केला. कार्डिगन खिडकीपाशी नेला. मोबाईलचा टॉर्च लावून आतून धरला. "इथे तर काहीच नाही."

"तेच तर केलंय."

"नाही, म्हणजे काम केलेलं कुठे दिसतच नाही."

"तेच तर काम आहे."

त्यांनी वहिनींकडे असं पाहिलं की बघ, मी म्हटलं नव्हतं? मग ते पद्धतशीरपणे कामाला लागले. माझी कात्री उचलली (विणकामवालीच्या कात्रीला न विचारता हात लावणाऱ्या माणसाबद्दल मी वेगळं लिहीन) आणि तिच्या टोकानं गळ्यापासून खाली ओळीनं तपासत निघाले. आणि अचानक त्यांचा चेहरा उजळला.

"हे बघा! भोक राहिलंय!"

"ती जाळी आहे."

"आणि हे. आणि हे. वहिनी, ही तर सगळीकडे आहेत!"

"अहो, ती नक्षी आहे. दोन टाके एकत्र विणायचे आणि सुईवर दोरा घेऊन एक नवा करायचा. मुद्दाम पाडलेली भोकं आहेत ती."

"मुद्दाम?" भाऊजी कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "आईनं मुद्दाम भोकं पाडली?"

"नक्षीसाठी."

"मॅडम, आमच्या आईचं काम तुम्हाला माहीत नाही. तिच्या कामात भोक असणं शक्यच नाही." मग जरा थांबून, एखादा वकील साक्षीदाराला कोंडीत पकडतो त्या स्वरात, "आणि आईच्या कामात भोक नव्हतंच, तर तुम्ही बुजवलंत काय?"

याला काय उत्तर द्यायचं? मी अजून शोधते आहे.

खरी मजा तर पुढेच. 'थांबा, मी दाखवते' म्हणून मी कार्डिगन हातात घेतला आणि मलाही सापडेना. खोटं कशाला सांगू? मघाशी बोट ठेवलं होतं तेही अंदाजानंच. दहा सेंटीमीटरला बावीस टाके आणि तीस ओळी धरल्या तर पन्नास रुंद, साठ लांब अशा नुसत्या पाठीत ११० गुणिले १८०, म्हणजे १९,८०० टाके होतात. पुढचे दोन भाग मिळून जवळजवळ तेवढेच. त्यातले माझे ४२. आतून बघितलं तर धाग्याची टोकंही मी अशी लपवली होती की माझी मलाच चीड आली. चार लोकांसमोर मी स्वतःच्याच कामावर मिनिटभर हात फिरवत राहिले. पाकीट हरवलेला माणूस खिसे चाचपतो तशी.

"आता सगळं मशीनवर होतं," भाऊजी वहिनींना समजावत होते. "तिथे टाकलं असेल, एका मिनिटात झालं असेल."

मशीन! हे वाक्य मी महिन्यातून चारदा ऐकते. विणायचं मशीन १५८९ साली विल्यम ली नावाच्या इंग्रजानं बनवलं. हातानं विणून पोट भरणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून राणी एलिझाबेथनं त्याला पेटंट दिलं नाही, असं सांगतात. त्या राणीला मी मनातल्या मनात मुजरा करते. पण मशीन नवं कापड विणतं, तीस वर्षांच्या कार्डिगनमधले सात टाके त्याला विणता येत नाहीत. आणि क्रोशाचं तर विचारूच नका. क्रोशासारखी दिसणारी जाळी मशीन काढतं, पण बाजारात खरा क्रोशा म्हणून जो येतो त्याचा प्रत्येक खांब, म्हणजे उभा टाका, कुणीतरी हातानं घातलेला असतो. तो रुमाल चुरगाळून लोक म्हणतात, एवढ्याशाला एवढे? आणि हल्ली तर मशीननं काढलेली चित्रंच येतात. 'ताई, अशीच शाल हवी.' चित्रात धागा एका खांबातून निघतो आणि कुठेच जात नाही. साखळ्या हवेत सुरू होतात. मी म्हणते, हे विणता येत नाही. समोरून उत्तर येतं, 'पण फोटोत आहे की!'

असो. फोटोवरून आठवलं. कामाला घेण्याआधी मी फाटक्या जागेचा फोटो काढते. मोबाईल शोधला, फोटो उघडला, भाऊजींच्या नाकासमोर धरला. स्वच्छ भोक. भोकातून वर आलेली करंगळी. करंगळीत अंगठी. तीच अंगठी आत्ता टेबलावर माझ्या कात्रीशेजारी होती.

विद्यार्थिनींपैकी एक खुदकन हसली.

भाऊजींनी फोटो मोठा करून पाहिला. आपली करंगळी पाहिली. मग अत्यंत शांतपणे म्हणाले, "बोट माझंच आहे. पण भोक याच स्वेटरचं कशावरून?"

वहिनी या वेळी पहिल्यांदा बोलल्या. "जाऊ द्या ना भाऊजी. अर्धे देऊन टाकू."

हे अर्धे मला लागले. कबूल करते, भाऊजींचा मला इतका राग नाही आला जितका त्या समजूतदारपणाचा आला. दर्जी शर्ट शिवतो, शर्ट दिसतो. मी स्वतः नवा स्वेटर विणला तर लोक किमान हात लावून 'अय्या' म्हणतात. पण दुरुस्तीत जितकं चांगलं करावं तितकं ते नाहीसं होतं, आणि नाहीशा झालेल्या गोष्टीचे पैसे मागताना माणूस भामट्यासारखा दिसतो. वाईट काम केलं असतं, मधोमध गाठ आली असती, तर पूर्ण मिळाले असते. वर 'जरा दिसतंय, पण चालेल' असा दिलासाही.

हे मी हवेत बोलत नाही. पुरावा तिथेच शेजारी बसला होता. माझी दुसरी विद्यार्थिनी, शिकायला लागून दीड महिना झालेला. हिनं मागच्या आठवड्यात एका परदेशी नमुन्यावरून टोपी विणली. नमुन्यात आठ नंबरची सुई होती, हिनं घरातली जुनी आठ नंबरची घेतली. अमेरिकेची आठ म्हणजे पाच मिलिमीटर, आपल्याकडच्या जुन्या मोजणीतली आठ म्हणजे चार. टोपी तिच्या भाचीच्या बाहुलीला झाली. तर अशी ही गुणी मुलगी निळ्या स्वेटरच्या कोपरावर हळदीसारख्या पिवळ्या लोकरीनं ठिगळ विणत होती. वाकडं, जाड, एका कोपऱ्यात फुगलेलं. हल्ली ती पद्धत आहे, दुरुस्ती लपवायची नाही, मिरवायची. मला ती मनापासून आवडते, पण त्या क्षणी नाही आवडली.

कारण भाऊजी निघता निघता तिच्यापाशी थांबले. ठिगळावर अंगठा दाबून पाहिला. मान डोलावली.

"हे बघा, वहिनी. याला म्हणतात काम."

मी अर्धे पैसे मोजत होते. मोजायला फार वेळ लागत नव्हता, तरी मी मान खाली घालून मोजत राहिले.

दारापर्यंत जाऊन भाऊजी परत आले. जरा संकोचले. मग डावा हात वर करून स्वतःच्या स्वेटरचं कोपर माझ्यासमोर धरलं. झिजून जाळी झालेली, आतला शर्ट दिसत होता. ही जाळी मात्र नक्षी नव्हे, हे त्यांचं त्यांनाच माहीत होतं.

"हे जमेल का हो? असंच, पिवळ्यात. याचे पूर्ण देईन."

"पिवळी लोकर संपलीये," मी म्हणाले.

टोपलीत चार गुंडे होते. वरचा तर त्यांना दिसतही असावा.