गोंडी मराठीची बोली नाही, आणि ती आपोआप ‘गेली’ही नाही

आदिवासी मुलांच्या शाळेचा विषय निघाला की एक संदेश हमखास फिरू लागतो. सार एवढंच: गोंडी ही मराठीची बोली, तिला लिपी नाही, ती शाळेत आणली तर मुलं मागे पडतील, आणि भाषा गेली तरी गोंड हा गोंडच राहतो.

पहिला दावा साफ चुकीचा. मराठी इंडो-आर्य कुळातली, गोंडी द्रविड कुळातली. तेलुगूत तीन-चार म्हणजे मूडु, नालुगु; गोंडीत मुंड, नालुंग. शेजारामुळे गोंडीत मराठी शब्द भरपूर आले, हे खरं. पण फारसी शब्द आले म्हणून मराठी काही फारसीची बोली झाली नाही. (कोकणीलाही आपल्यातले बरेच जण मराठीची बोलीच म्हणत होते. तिला 1975 साली साहित्य अकादमीने मान्यता दिली आणि 1992 साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत गेली.)

लिपीचं काय? मंगलसिंग मसराम यांनी 1918 साली गोंडीसाठी लिपी तयार केली. आदिलाबादकडच्या गुंजाळा गावात वेगळ्याच लिपीतली जुनी हस्तलिखितं सापडली. 2017 आणि 2018 मध्ये या दोन्ही लिपी युनिकोडमध्ये आल्या. तशीही गोंडी देवनागरीत सुखाने लिहिली जाते, मराठीसारखीच.

शाळेचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण पालकांची भीती खरी असते. घरी फक्त गोंडी ऐकलेलं मूल पहिलीत येतं आणि त्याला अक्षरओळख व अनोळखी भाषा एकदमच शिकावी लागते. ते गप्प बसतं, आणि त्याच्यावर ‘कच्चा’ असा शिक्का बसतो. मागणी मराठी हाकलण्याची नाहीच. वाचन-गणित आधी कळणाऱ्या भाषेत, मग मराठी, अशी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 हेच सांगतं: माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावी. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर मान्यता नाही म्हणून याच कायद्यावर बोट ठेवून ती बंद करण्याची नोटीस आली! शिक्षक कमी, पुस्तकं कमी, बस्तरची गोंडी आदिलाबादपेक्षा वेगळी, या अडचणी आहेतच. पण ओडिशाने 21 आदिवासी भाषांत प्राथमिक वर्ग चालवून दाखवले.

शेवटचा दावा अर्धा खरा आहे. गोंड एक कोटीहून अधिक, आणि 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे 30 लाख. बाकीच्यांना ‘तुम्ही गोंड नाही’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. कूळ किती देवांचं, त्यावरून सोयरीक कुठे जुळते, पेन (कुळाचा देव) कुठलं, हे मराठी-हिंदी बोलणाऱ्या घरांतही पाळलं जातं. पण लिंगोची, म्हणजे गोंडांच्या आद्यपुरुषाची, कथा गोंडीत गायली जाते तेव्हा जे पोचतं, त्याचा मराठीत फक्त गोषवारा उरतो.

आणि ‘भाषा गेली’ म्हणजे काय? 1956 साली भाषावार राज्यं झाली, तेव्हा गोंडी मुलूख तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या राज्यांत वाटला गेला. प्रत्येक ठिकाणी शाळा, कचेरी, कोर्ट दुसऱ्याच भाषेत. बोडो आणि संताळी 2003 च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आल्या. बोडोपेक्षा जवळपास दुप्पट लोक बोलतात ती गोंडी अजून बाहेरच आहे.