कुणाकडं आलाय?

ऑफिसची साचलेली रजा मार्चच्या आत संपवायची होती आणि बायकोला सुट्टी मिळेना, म्हणून मी एकटाच स्वारगेटवरून यष्टी पकडून वाईला गेलो. प्लॅन असा की काहीच प्लॅन नाही. पहिला अख्खा दिवस कृष्णेच्या घाटावर बसायचं, पाणी बघायचं, फोन खिशात ठेवायचा. बायको म्हणाली, तुला जमणार नाही. मी म्हणलं बसण्यात काय जमायचंय?

सकाळी साडेआठला गणपती आळीच्या घाटावर जाऊन बसलो. कोवळं ऊन, संथ पाणी, खालच्या पायरीवर एक आजी गोधडी आपटतायत, एकदम कॅलेंडरच. सात मिनिटं झाली असतील (हो, घड्याळ बघितलं, कबूल आहे) तेवढ्यात आजींनी गोधडी थांबवली.

"कुणाकडं आलाय?"

"कुणाकडं नाही, असंच."

"असंच म्हंजे?"

"फिरायला आलोय हो."

"मग फिरा की. बसलाय का?"

याला उत्तर नव्हतं. उठलो आणि ढोल्या गणपतीच्या देवळात शिरलो. रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेलं देऊळ, आत एकाच दगडातला तो अवाढव्य गणपती. पण खरी गंमत मागच्या भिंतीत आहे, ती माशासारखी निमुळती काढलीय, म्हणजे पुराचं पाणी टोकावर फाटून दोन्ही बाजूंनी निघून जातं आणि बाप्पा आत ढिम्म. मला तेव्हा नुसतं कौतुक वाटलं. दुपारपर्यंत हेवा वाटायला लागला, कारण असली एक भिंत माझ्या पाठीला असती तर पुढच्या चौकशा पण अशाच बाजूनं वाहून गेल्या असत्या.

हारवाल्या मावशींनी विचारलं, लग्नाला आलाय का? चहावाल्यानं विचारलं, शूटिंगची जागा बघताय का? इथे शूटिंग इतकी होतात की कामाशिवाय नदीकडे टक लावून बघणारा माणूस म्हणजे शूटिंगवाला असंच धरतात. मी नाही म्हणल्यावर बाकड्यावरचे एक काका जवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "प्लॉट ना? पुण्याचं माणूस आणि कशाला येतंय. धोमच्या रस्त्याला आहे एक, सातबारा क्लिअर." मी शपथेवर सांगितलं की मला प्लॉट नकोय, तर त्यांचा चेहरा असा झाला की हा भाव पाडायला बघतोय.

मग वडापमध्ये बसून मेणवलीला पळालो. नाना फडणविसांचा वाडा बघितला, मागच्या घाटावर उतरलो, तिथे ती मोठी घंटा आहे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली त्यानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून इकडे आलेली. म्हणलं चला, कुणाकडंच न आलेलं आपल्यासारखं कुणीतरी भेटलं. तिच्याशेजारी वीस मिनिटं बसलो, दिवसभरातला तोच काय तो निवांतपणा. मग वडापवाला वरून ओरडला, "ओ प्लॉटवाले, येताय का?"

आता तुम्ही म्हणाल खोटं बोलून टाकायचं. तेच केलं ना, तिथेच घात झाला.

परत येऊन गंगापुरीत फिरत होतो, नुकतीच विश्वकोशाच्या ऑफिसची पाटी वाचलेली, वीस खंड मराठीत इथून निघाले वगैरे डोक्यात घोळत होतं, तेवढ्यात एका स्कूटरनं ब्रेक मारला. "कुणाकडं?" आणि मला वाईतलं एकच नाव माहीत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, त्यामुळे तोंडातून गेलं, "जोशींकडं."

"कुठल्या जोशींकडं?"

"ते... विश्वकोशाचे."

"शास्त्रीबुवा?" स्कूटर बंद झाली. "ते 1994 ला गेले की हो." आणि मग इतक्या मायेनं माझ्याकडे बघितलं त्या माणसानं, जणू मला आत्ताच कळतंय. "बसा मागं. दुसरे जोशी आहेत, चांगले आहेत."

नको नको म्हणत मी बसलो. दोन बोळ, एक तुळशीवृंदावन, पडवीत पेपर वाचणारे जोशीकाका. स्कूटरवाल्यानं मला खाली उतरवून सांगितलं, "हे तुमच्याकडं आलेत," आणि गेला. मी काकांना सगळं खरं सांगितलं, अगदी गोधडीपासून. काकांनी आत हाक मारली, "अगं, पाहुणे आलेत." काकूंनी कोण, कुठले काहीच विचारलं नाही, पोहे टाकले. दिवसभरात पहिल्यांदा मी टेकून बसलो.

तेवढ्यात बायकोचा फोन. "मग, बसलायस का निवांत?"

"हो, जोशींकडे बसलोय."

"कुठल्या जोशींकडे?"